ओमच्या नाकातली जळू

खालच्या खाचरात लावणी अशी रंगात आली होती की भाकरीची आठवण कुणालाच राहिली नव्हती. सदूने सावड बोलावली होती. आज सगळी वाडी त्याच्या शेतात, उद्या त्याच्या घरची माणसं दुसऱ्याच्या. कुडपणच्या बाजूने ढग उतरायचे, खाचरातल्या पाण्याला शिवल्यासारखं करायचे आणि पुन्हा वर निघून जायचे. बायका ओळीने ओणव्या झाल्या होत्या. मागे सरकत रोपं रोवत होत्या आणि तोंडं हातांपेक्षा जोरात चालली होती.

सारिका कमरेवर हात ठेवून जराशी ताठ झाली, तर शेजारून म्हातारी बनुबाई म्हणाली, "काय गो, खुर्ची आणू काय?"

"आणा की. दोन आणा, दोघी बसू."

"मला कशाला? माझ्या कमरेला पगार नाय मिळत."

सगळ्या हसल्या. सारिका महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात होती. गोळ्यांची तपासणी करायची, तिथेच खोली घेऊन राहायची. पण लावणीला रजा काढून घरी यायचं, हे तिने एकदाही चुकवलं नव्हतं.

पलीकडच्या खाचरात तिचा बाप सदू चिखलणी करत होता. शेवटची फेरी संपली की तो औत थांबवायचा, दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि कुकारा घालायचा. वरच्या अंगाच्या शेतातून भिकूचा कुकारा उलटून यायचा. खाचर हातावेगळं झालं की कुकारा घालायचा, ऐकणाऱ्याने तो परतवायचा, ही इथली रीत. कुकारा परतला नाही तर ऐकणारा काम टाकून बघायला जातो.

"ओम, तू पण घाल रे!" वरून भिकू ओरडला.

ओम सारिकाचा धाकटा भाऊ. पंधरावं लागलेलं, ओठावर लव आलेली. तो रोपांच्या मुठी वाहत होता. त्याने मुठी बांधावर टाकल्या, छाती भरून घेतली. पण मडक्यात तोंड घालून बोलावं तसा नुसता बद्द आवाज निघाला. गेल्या साली याच पोराचा कुकारा समोरच्या डोंगराला लागून परत यायचा. शिमग्यापासून त्याचं नाक बंद झालं होतं. उजव्या नाकपुडीतून वारा जाईना. घोरायचा, तोंड उघडं टाकून झोपायचा, कालवणाला वास नाही म्हणून आईशी भांडायचा. महाडच्या एका डॉक्टरांनी अॅलर्जी म्हणून नाकात मारायचा फवारा दिला होता.

"रेडा हंबरला गो!" कुणीतरी म्हणालं. ओम हसला, खाली वाकला, आणि हिरव्यागार मुठीवर टपकन लाल थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

"घोळणा फुटला!" चंद्रभागा, त्याची आई, धावली. डोक्यावर पाणी थापटलं, कांदा फोडून नाकाशी धरला. नेहमी एवढ्याने थांबायचं. आज बांधावरचं गवत लाल झालं तरी थांबेना. बऱ्याच वेळाने कमी झालं, तेव्हा बनुबाईने पदराने हात पुसत निकाल दिला.

"हा घोळणा नाय. मला झालं होतं ना, तस्संच हाय हे. सदू, पोराच्या नाकात जळू हाय."

सगळे एकदमच बोलायला लागले. हो की! झऱ्याला तोंड लावून पाणी पितो ना तो! गुरांना होते तशीच! बनुबाईच्या नाकातली जळू सदूनेच काढली होती आणि ती गोष्ट सांगायला म्हातारीला निमित्त लागत नसे. "एवढी लांब," ती करंगळी दाखवायची, आणि दर साली करंगळीचं मधलं बोट व्हायचं. आजूबाजूच्या वाड्यांतून लोक सदूकडे गुरं घेऊन यायचे. त्याच्याकडे बांबूचा एक लवचीक चिमटा होता, टोकांना कापड गुंडाळलेला. फी नाही, काही नाही. काढलेली जळू मिठात टाकायची आणि गुराच्या पाठीवर थाप मारायची, एवढंच.

सदू बांधावर आला. पोराच्या डोळ्यांत बघितलं, नाकाशी बोट धरून श्वास बघितला. बापाचा चेहरा सारिकाला एकदम हलका झालेला दिसला. इतके महिने ज्याला नाव नव्हतं, त्याला नाव मिळालं होतं, आणि इलाज घरातच होता.

"उद्या सकाळी काढू," तो म्हणाला. "रात्री पाणी द्यायचं नाय. तहानेली जळू पाण्याला येते."

"बाबा, मोठ्या डॉक्टरला दाखवू या का आधी?" सारिका म्हणाली.

"दाखवलं की. त्यानं काय केलं? फवारा मारला. जळूला आंघोळ घातली."

पुन्हा हशा पिकला. सारिकाही हसली.

संध्याकाळी चुलीपुढे सुकटीचं कालवण आणि गरम भात होता. सदूच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, टाचांना भेगा पडून आत लाल दिसत होतं. चंद्रभागा त्यावर तेल-हळद लावत होती आणि तो "हळू, हळू, औत नाय चालवत तू" म्हणत होता. ओम पाण्याच्या हंड्याकडे बघून मुद्दाम जीभ बाहेर काढत होता. चौघांनी एकत्र बसून जेवलेलं जेवण ते शेवटचं.

सकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाडीतलं कुणी घरी राहिलं नव्हतं. भिकू सगळ्यांत पुढे, विडी कानावर लावून. बनुबाईला तर पाट देऊन बसवलं होतं, जाणकार म्हणून. सदूने झऱ्याचं गार पाणी परातीत आणलं. ओमला तिच्यावर ओणवं केलं, नाक पाण्याला टेकेल न टेकेल असं.

"श्वास हळू घे. ती येईल बघ वळवळत."

सगळे पाण्याकडे टक लावून बसले. पोरांनी श्वास रोखले. पाणी हललंही नाही.

"शहाणी हाय," भिकू म्हणाला.

सदूने तंबाखूच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. ओम शिंकला, डोळ्यांतून पाणी आलं, पण जळू येईना. मग सदूने बॅटरी मागवली. ओमचं डोकं भिंतीला टेकवलं, नाकपुडी बोटाने वर केली आणि उजेड आत टाकला. आत, खोलवर, काहीतरी लालजांभळं, ओलं चकाकलं.

"हाय!" तो ओरडला. "हाय! दिसली!"

पडवीत नुसता गोंधळ उडाला. दाखव, मला दाखव, सरक गो, केवढी हाय? चंद्रभागेने देवाच्या दिशेने हात जोडले. सदूने चिमट्याच्या टोकांना राख चोळली, म्हणजे बुळबुळीत अंग सटकत नाही. हात अजिबात कापत नव्हता. चिमटा आत सरकला, थांबला, मिटला.

"धरली."

"ओढ!" भिकू म्हणाला. "एका दमात ओढ!"

सारिका ओमचा खांदा धरून बसली होती. तिला बापाच्या कपाळावरची आठी दिसली. तो जिभेने ओठ चाटत होता.

"लय मोठी हाय गो," तो हलकेच, जणू तिच्याशीच बोलला. "आन हालत नाय."

धरलेली जळू हालत नाही? गोठ्यात बापाशेजारी बसून तिने कितीतरी जळवा निघताना पाहिल्या होत्या. धरली की ती पिळवटते, रबरासारखी ताणते. बॅटरीच्या त्या उजेडात तिला आणखी काहीतरी दिसलं. ओमचा उजवा गाल डाव्यापेक्षा वर आला होता, डोळा किंचित पुढे. ते काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. पण जळू गाल वर आणत नाही.

"बाबा, सोडा."

"गप गो," भिकू म्हणाला. "ओढ रे सदू!"

"बाबा, ही जळू नाय. सोडा!" तिने बापाचं मनगट धरलं.

सदूचा हात आजवर कुणी धरला नव्हता. त्याने वळून लेकीकडे पाहिलं. तो रागावला असता, हात झटकला असता, तर कुणालाच नवल वाटलं नसतं. त्याच्या बोटांत अजून ते धरलेलं होतं आणि सगळी वाडी बघत होती.

मग त्याने चिमटा सैल केला आणि बाहेर काढला.

"घ्या!" भिकूने मांडीवर थाप मारली. "कारभार पोरीच्या हातात दिलास काय रे?"

सदू काही बोलणार, एवढ्यात ओमच्या नाकातून रक्त आलं. थेंब नाही, धार. नुसता चिमटा लागल्याचं ते रक्त होतं. पाण्याची परात लाल झाली, पडवीचा सारवलेला कोपरा लाल झाला. बायका ओरडायला लागल्या. "मान वर कर रे त्याची!" "नको, खाली! खाली ठेवा!" सारिकाने त्याची मान पुढे वाकवली, नाक चिमटीत घट्ट धरलं, तरी तोंडातून गुठळ्या पडायला लागल्या.

"हर्षदची जीप!" सदू म्हणाला, आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता त्याने पोराला पाठीवर घेतलं.

जीप वरच्या डांबरी रस्त्याला उभी असायची. वाट चढाची, शेवाळलेल्या दगडांची. सदू अनवाणी पळत होता, भेगा पडलेल्या पायांनी, वाटेवरून वाहणाऱ्या पाण्यातून. मागून सारिका ओमचं नाक दाबून अर्धवट वाकून पळत होती, तिच्यामागे चंद्रभागा, तिच्यामागे निम्मी वाडी. सदूच्या मानेवरून, पाठीवरून रक्त ओघळत होतं. वर पोचायच्या आधीच भिकूने कुकाऱ्यावर कुकारा घालून हर्षदला जागं केलं होतं. जीप धडधडत उभी होती.

"बसा, बसा! आज ब्रेक आठवायचा नाय," हर्षद म्हणाला, आणि त्याने खरोखरच तो फारसा आठवला नाही. घाटाच्या एका वळणावर दरडीची माती अर्ध्या रस्त्यावर आलेली. त्याने एक चाक कडेच्या गवतात घालून जीप काढली. चंद्रभागेने डोळे मिटले. ओम मात्र रक्ताळल्या दातांनी हसला आणि बद्द आवाजात म्हणाला, "परत एकदा."

पोलादपूरच्या दवाखान्यात नाकात लांबलचक पट्टी ठासून रक्त थांबवलं. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च टाकून बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. "याला हात लावायचा नाही. आजच मुंबईला न्या. चिठ्ठी देते, गाडीची सोय करते."

बाहेर हमरस्त्याला गाडी उभी राहिली, तेव्हा सदू चढला नाही.

"तू जा," तो सारिकाला म्हणाला. "तू बोललीस तर तिथली लोकं ऐकतील. आई हाय बरोबर. रोप तयार झालंय, ते राबात म्हातारं व्हायचं. मी लावणी उरकतो."

त्याच्या सदऱ्यावरचं रक्त काळं पडायला लागलं होतं. उजवा हात तो सारखा सदऱ्याला पुसत होता आणि सदऱ्याचं रक्त हाताला लागत होतं. सारिकाला काहीतरी बोलायचं होतं. पण काय, ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. गाडी निघाली.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात मशीनवर फोटो निघाले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काचेवर फोटो लावून पेनाने दाखवलं. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला, गाठ. "कर्करोग नाही, आधी हे ऐका," ते म्हणाले. चंद्रभागा मटकन खाली बसली आणि रडायला लागली, कारण तिला फक्त 'कर्करोग' एवढंच ऐकू आलं होतं. सारिकाने तिला हलवून हलवून सांगितलं, "नाय म्हणतायत आई, नाय!" मग चंद्रभागा हसत रडायला लागली.

"वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होते ही," डॉक्टर म्हणाले. "गाठ साधी, पण नुसती रक्ताने भरलेली. कुणी ओढलीबिढली नाही ना?"

"वडिलांनी चिमट्यात धरली होती," सारिका म्हणाली. "जळू समजून. पण सोडली."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "ओढली असती तर तुमच्या त्या डोंगरातून तो खाली आला नसता. सोडली म्हणून इथे आहे."

सारिका व्हरांड्यात आली. बाबांना हे सांगायचं. आत्ताच्या आत्ता! पण वाडीत फोन लागत नाही. सदू संध्याकाळी वरच्या कातळावर चढून फोन लावायचा, आणि तिथेही वारा जास्त आणि आवाज कमी. भिकूची पोरं त्याला काय म्हणायला लागलीत, ते तिला शेजारच्या राजश्रीने एकदा त्याच कातळावरून फोन करून हसत हसत सांगितलं होतं. "सदूनाना, चिमटा लेकीला विचारून धरलात काय?" नाही, असल्या फोनवर नाही सांगायचं. घरी जाऊन, समोर बसून, सगळ्यांच्या देखत सांगायचं.

आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसा आतून बंद केल्या, आणि दुसऱ्या दिवशी नाकातूनच दुर्बीण घालून गाठ काढली. तोंडावर कुठे कापलं नाही. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या टोपीखाली घाम होता आणि चेहऱ्यावर हसू. "पूर्ण निघाली. मोठ्या आवळ्याएवढी." चंद्रभागेने त्यांचे पाय धरले. ते "अहो, अहो" करत मागे सरले आणि भिंतीला आपटले.

नाकातल्या पट्ट्या काढल्या त्या सकाळी ओमने तोंड मिटलं, आणि नाकाने श्वास घेतला. हळूच, घाबरत. मग जोरात. त्याचे डोळे मोठे झाले.

"आई! कसला वास येतोय?"

"कसला?" चंद्रभागेने इकडेतिकडे बघितलं. बाई फरशी पुसत होती. "फिनेल रे ते."

"भारी हाय!" ओम म्हणाला. "लय भारी हाय!" खोलीतले सगळे पेशंट हसायला लागले. मग त्याला साबणाचा वास घ्यायचा होता, चहाचा, आईच्या पदराचा, शेजारच्या आजोबांच्या डब्यातल्या भाजीचा.

त्या संध्याकाळी फोन लागला. वाऱ्याचा घूं घूं आवाज, आणि त्यातून बाप.

"ओम बरा हाय, बाबा! श्वास घेतोय! वास येतोय त्याला!" सारिका ओरडत होती. "लावणी झाली?"

"वरलं खाचर ऱ्हायलंय. उद्या." तो धापा टाकत होता. कातळाचा चढ, तिला वाटलं. "सारके... जळू नव्हती ना?"

"नव्हती, बाबा."

"हं," सदू म्हणाला.

"पण बाबा, ऐका, तुमी..." वारा आला आणि फोन तुटला. तिने पुन्हा पुन्हा लावला. मग म्हणाली, जाऊ दे. आता घरीच.

पुढचं तिला भिकूने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सदूने वरचं खाचर उरकल्याचा कुकारा घातला. फार बारीक. भिकूने परतवला. मग भिकूचं खाचर झालं, त्याने घातला, आणि तो परत आला नाही. त्याने पुन्हा घातला. मग औत तिथेच सोडून तो पळत सुटला. सदू बांधाला टेकून बसला होता, अंग तापाने भाजत होतं आणि डोळे हळदीसारखे पिवळे. चिखलातून, पायांच्या भेगांतून आलेला लेप्टोचा ताप. किती दिवस अंगावर काढला होता, कुणास ठाऊक. सगळी वाडी ओमच्या नाकाची चौकशी करत होती. सदूचे डोळे कुणी बघितलेच नव्हते. भिकूने त्याला पाठीवर घेतलं आणि त्याच चढाने वर नेलं.

निरोप मिळून सारिका मुंबईहून महाडच्या दवाखान्यात पोचली तेव्हा सदूला नळ्या लावल्या होत्या आणि तो कुणाला ओळखत नव्हता. तिने त्याचा उजवा हात हातात घेतला. नखांत अजून चिखल होता. ती तो बोटाने काढत बसली. दिवस मावळायच्या आत तो गेला.

पाऊस सरत आला तेव्हा वरचं खाचर फुलोऱ्यावर होतं. ते उशिरा लावलेलं, म्हणून बाकीच्यांच्या मागे राहिलं होतं. ओळी वाकड्यातिकड्या होत्या. ओम बांधावर उकिडवा बसून नाक फुगवून वास घेत होता. "दुधासारखा येतोय, दीदी. कच्च्या दुधासारखा."

"तू काय काय हुंगशील रे!"

तेवढ्यात खालून कालवा ऐकू आला. भिकू आपली पाडी घेऊन अंगणात आला होता. पाडीच्या नाकातून रक्त येत होतं, ती डोकं झाडत होती. चार माणसं जमली होतीच.

"चिमटा दे गो चंद्राबाय," भिकू म्हणत होता. "मीच बघतो. आता काढणारा ऱ्हायला कोण?"

"सदू असता तरी काय," बनुबाई पायरीवर टेकत म्हणाली. "त्याचा हात त्या दिवशीच गेला. चिमट्यात धरलेलं सुटलं त्याच्या."

सारिका बांधावरून उतरून घरात गेली. आढ्याला खोचलेला चिमटा काढला, चुलीतली राख घेतली. परातीत झऱ्याचं पाणी आणायला ओम धावला.

"तू काढणार?" भिकू म्हणाला. "गोळ्या नायत या, मोजायला."

"पाडी धरा, भिकूकाका. घट्ट."

पाडी सकाळपासून तहानलेली होती. पाणी दिसताच तिने मान खाली घातली. सगळे वाकले. नाकपुडीच्या कडेशी काळं टोक आलं, पाण्याकडे लांबलं, आणि सारिकाने चिमटा मिटला तेव्हा सटकलं. "हुकली!" भिकू म्हणाला. सारिका थांबली. कपाळावरचा घाम दंडाला पुसला. जळू पुन्हा आली, या वेळी जास्त लांब, पाण्यात हेलकावे घेत.

चिमटा मिटला.

जळू पिळवटली. रबरासारखी ताणली गेली, चिमट्याला विळखा घालायला लागली. जिवंत, बुळबुळीत, हट्टी. सारिकाने हिसका दिला नाही. बाप धरायचा तशी ओढ धरून ठेवली. आतलं तोंड सुटलं आणि ती सगळी बाहेर आली.

"निघाली!" ओम नाचायलाच लागला. त्याने हात तोंडाशी नेले आणि कुकारा घातला. मोकळा, लख्ख, नाकाघशात कुठेही न अडकणारा. तो समोरच्या डोंगराला लागला आणि परत आला. पलीकडच्या वाडीतून कुणीतरी परतवला. मग आणखी कुणीतरी. पाडी दचकून उड्या मारायला लागली आणि भिकू तिच्यामागे फरफटत गेला.

सारिकाने जळू मिठात टाकली आणि चिमटा धरूनच उभी राहिली. माणसं हसत होती, बनुबाई जळूला करंगळी लावून मापत होती.

"बनुआजी, त्यांच्या हातून सुटलं नाय," सारिका म्हणाली. "त्यांनी सोडलं."

मग ती वळली. घरामागे वरचं खाचर दिसत होतं, वाकड्या ओळींचं. तिने आवाज चढवला, पलीकडच्या शेतातल्या माणसाशी बोलतात तसा.

"बाबा! तुमी सोडलंत म्हणून ओम वाचला!"